मानसशास्त्राची जन्मतारीख आणि दोनशे ग्रॅम वाळू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मानसशास्त्राच्या इतिहासावरचा लेख आणि त्यावर आलेली पत्रे वाचली. लेख म्हणतो, हे शास्त्र 1879 साली जर्मनीत लाइपझिगला, विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत जन्मले. पत्रलेखक म्हणतात, आपल्या दर्शनांत ते कधीचेच आहे. दोघांनीही मधला रस्ता गाळला आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

विल्हेल्म वुंट लाइपझिगला 1875 मध्ये आले ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून. 1879 मध्ये त्यांच्याकडे विद्यार्थ्यांचे स्वतंत्र प्रायोगिक संशोधन सुरू झाले, एवढाच त्या सालाचा अर्थ. पुढे त्यांनी काढलेल्या नियतकालिकाचे नावही ‘फिलॉसॉफिशे श्टुडिएन’, म्हणजे ‘तत्त्वज्ञानविषयक अभ्यास’ असेच होते. घर सोडले, पण आडनाव तेच ठेवले.

प्रयोगशाळेची गरज का पडली, हे समजायला जर्मन तत्त्वज्ञ कांटकडे जावे लागते. 1786 मध्ये त्याने मनाच्या अभ्यासाला खरे विज्ञान होता येणार नाही असे बजावले. कारणे दोन : मनातल्या घडामोडींना गणित लागू करता येत नाही, आणि मन स्वतःकडे पाहू लागले की पाहण्यानेच ते बदलते. पुढची शंभर वर्षे या दोन आक्षेपांना उत्तरे शोधण्यात गेली. पहिल्याला खरे उत्तर दिले ते लाइपझिगच्याच एर्न्स्ट वेबर या शरीरशास्त्रज्ञाने, 1834 मध्ये, आणि तेही हातात वजने उचलून. त्याला आढळले की हाताला ग्रॅम कळत नाहीत, प्रमाण कळते. उचललेल्या वजनात साधारण चाळिसाव्या हिश्श्याचा फरक पडला तरच तो जाणवतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हापूसच्या पाच डझनी पेटीतून एक फळ काढले तर उचलणाऱ्याला पत्ता लागणार नाही. डझनाच्या खोक्यातून काढले तर लगेच लागेल. पुढे फेखनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1860 च्या ग्रंथात याचेच गणिती सूत्र केले.

कनिष्ठ महाविद्यालयांत हा नियम पाठ करून घेतला जातो. करून पाहायला खर्च जवळजवळ नाही, म्हणून कृतीच देतो. झाकणाच्या सहा एकसारख्या प्लास्टिकच्या डब्या घ्याव्यात. एकीत डबीसकट 200 ग्रॅम भरेल इतकी वाळू घालावी. बाकीच्यांत 202, 204, 206, 208 आणि 210. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. डोळे बांधून एकाच हाताने आधी एक, मग दुसरी उचलायला द्यावी आणि ‘जड कुठली’ एवढेच विचारावे. ‘सारख्याच’ हे उत्तर चालणार नाही. 200 ची डबी आणि बाकीच्यांपैकी एक, अशी प्रत्येक जोडी वीस वेळा द्यावी. वीसपैकी दहा बरोबर म्हणजे नुसता अंदाज. पंधरा बरोबर येऊ लागले की तो फरक जाणवू लागला असे धरावे. नंतर 400 ग्रॅमवर तेच करावे : तिथे दुप्पट फरक लागला पाहिजे.

बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. करवंट्या हाताशी असतात म्हणून त्याच घेतल्या जातात. पण दोन करवंट्या एका मापाच्या नसतात, आणि सारख्या वजनाच्या दोन वस्तूंतली आकाराने मोठी वस्तू हाताला हलकी लागते. दुसरे, मागाहून उचललेली डबी बहुधा जड भासते, म्हणून वीसपैकी दहा वेळा 200 ची डबी आधी द्यावी, दहा वेळा नंतर. तिसरे, डब्या भरणाऱ्यानेच त्या हातात दिल्या तर त्याच्या आवाजातून उत्तर फुटते.

आता दर्शनांकडे. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’ असे सूत्र आहे : एकाच वेळी अनेक ज्ञाने होत नाहीत, हीच मन असल्याची खूण. यावर आक्षेप ठरलेला. कुरकुरीत शष्कुली (आपली चकलीच समजा) खाताना आवाज, वास, चव, स्पर्श सगळे एकदमच नाही का कळत? उत्तर असे की नाही, एकामागून एकच कळते, पण इतक्या भरभर की फट दिसत नाही. शिमग्यात पेटते कोलीत गरगर फिरवले की आगीचे कडे दिसते, तसे. हा अलातचक्राचा दाखला खुद्द न्यायसूत्रांतला आहे.

1861 मध्ये तरुण वुंटने याच प्रश्नाला हात घातला. लंबकाच्या घड्याळात फेरफार करून त्याने अशी सोय केली की लंबक पट्टीवरच्या ठरावीक जागी आला की घंटी वाजावी. पाहणाऱ्याला मात्र घंटी वाजताना लंबक भलत्याच जागी दिसे. डोळ्यावरून कानावर जायला मनाला सेकंदाचा सुमारे आठवा हिस्सा लागतो, असा हिशोब त्याने मांडला. तो आकडा पुढे टिकला नाही, कारण लक्ष आधीपासून घंटीकडे लावून ठेवले तर ती लवकर ऐकू येते.

यावरून वुंटने न्यायसूत्रे वाचली होती असे कृपा करून कोणी काढू नये. आणि नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) मोजायला चुकले, असेही नाही. त्यांचा वाद मन अणू आहे की विभू (सर्वव्यापी), हा होता. त्यात सेकंदाला काही काम नव्हते. कांटचा आक्षेप अंगावर घेतलेल्या माणसाला मात्र आकड्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही परंपरा आपल्या देशात आली तीही तत्त्वज्ञानाच्याच दारातून. कलकत्ता विद्यापीठातल्या प्रायोगिक मानसशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम आखला तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ शील यांनी, आणि 1916 मध्ये विभाग सांभाळला नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी. ते हार्वर्डला वुंटच्या शिष्याकडे, म्युन्स्टरबर्गकडे शिकले होते.

डब्यांबद्दल एक राहिले. किनाऱ्यावरची वाळू गोड्या पाण्याने दोनदा धुऊन, कडक वाळवून मगच भरावी. खारट वाळू पावसाळी हवेत ओल धरते आणि आठवड्याभरात 202 ची डबी 204 ची होऊन बसते.

आपला,
मानसशास्त्राचा एक अध्यापक, रत्नागिरी