कुरळ्या केसांची मॉडेल आणली म्हणून नापास : कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
कौशल्य विकास विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : केशकर्तनाच्या प्रशिक्षणात व परीक्षेत कुरळ्या केसांचा समावेश करणेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

मी पुण्यात धनकवडीला बायकांचं सलून चालवते. या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, पण गेल्या मंगळवारी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझ्याकडे एक मुलगी दोन वर्षं काम शिकते आहे. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीला सरकारमान्य प्रमाणपत्र मिळावं म्हणून तिनं शहरातल्या एका केंद्रात हेअरस्टायलिस्टचा कोर्स केला. मंगळवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मॉडेल आपली आपण आणायची असते. तिनं धाकट्या बहिणीला नेलं. बहिणीचे केस दाट आणि बारीक वेटोळ्यांचे. ओढले तर कमरेपर्यंत येतात आणि सोडले की खांद्याच्या वर जातात.

मुलीनं मी शिकवलेल्या पद्धतीनं सुरुवात केली. केस कोरडे ठेवले, एकेक वेटोळं हातात घेऊन ते आपसूक कुठं पडतं ते पाहिलं आणि तिथं कात्री लावली. परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या असेसरनी तिला थांबवलं. केस ओले कर, कंगव्यानं ताणून दोन बोटांत धर आणि सरळ रेषेत काप, असं सांगितलं. ती म्हणाली, "सर, असं कापलं तर वाळल्यावर एक बाजू वर चढेल." त्यांनी मॉडेल बदलून आणायला सांगितलं. दुपारी बारा वाजता ती दुसरी मुलगी कुठून आणणार? निकालाच्या कागदावर दोन ओळी आल्या : "मॉडेल अयोग्य. पद्धत चुकीची."

बहीण सतरा वर्षांची आहे. संध्याकाळी दोघी दुकानात आल्या तेव्हा तिनं डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळली होती. मी सोडायला लावली तर डावीकडचे केस कोरडे, छान गोल पडलेले आणि उजवीकडचे असेसरच्या सांगण्यावरून ओले ताणून कापलेले, कानाच्याही वर चढलेले. ती एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या डोक्यामुळे ही नापास झाली."

महोदय, या वाक्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याकडे मागायला हे पत्र लिहिते आहे.

हे आधी सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कौशल्य मेळाव्यात मी माईक घेऊन उभी राहिले होते. विचारलं होतं की आमच्या मुलींना सगळं काम सरळ केसांच्या डमीवर शिकवता, मग कुरळ्या केसांची बाई खुर्चीत बसली की त्यांनी काय करायचं? व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी डायरीत टिपून घेतलं आणि सगळ्यांसमोर शब्द दिला की पुढच्या बॅचपासून कुरळ्या केसांचं स्वतंत्र प्रकरण येईल. टाळ्या पडल्या. त्या आठवड्यात मी रात्री जागून अकरा पानं हातानं लिहिली आणि कार्यालयात नेऊन दिली. माझ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आहे. त्यानंतर तीन बॅचेस झाल्या. या मुलीला केंद्रात मिळालेली पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कुरळ्या केसांबद्दल त्यात एकच वाक्य आहे, तेही स्ट्रेटनिंगच्या धड्यात. म्हणजे कुरळा केस हा केसच नाही, सरळ करायचा राहिलेला केस आहे!

आता थोडं माझं ऐका. माझे केसही असेच आहेत. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या होत्या. सकाळी आई मला गुडघ्यांत दाबून बसवायची, वाटीभर खोबरेल ओतायची आणि बारीक दातांचा कंगवा मुळापासून खाली ओढायची. तिचं चुकत होतं, पण तिला सांगणारं कोण होतं? कुरळा केस टोकाकडून वर, मोठ्या दातांच्या कंगव्यानं, ओला आणि कंडिशनर लावलेला असतानाच सोडवायचा असतो. डोक्याच्या त्वचेतलं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. वळणावळणाच्या केसावरून ते सहजासहजी खाली उतरत नाही. म्हणून तो कोरडा राहतो आणि ओढला की तुटतो. एवढी साधी गोष्ट मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळली, तीही व्यवसायात दहा वर्षं काढल्यावर.

वडिलांचं कसबा पेठेत केशकर्तनालय होतं. मुलीनं वस्तरा धरायचा नाही, म्हणून त्यांनी मला पार्लरच्या कोर्सला घातलं. ते रिबाँडिंगचे, म्हणजे रसायनानं केस सरळ करून घ्यायचे दिवस होते. कोर्समध्ये प्रात्यक्षिकासाठी कुरळं डोकं हवं होतं आणि वर्गात ते एकटं माझं होतं. रिबाँडिंगच्या क्रीमनं केसातले मूळ बंध तुटतात, मग तापलेल्या पट्टीनं केस सपाट करून न्यूट्रलायझरनं ते बंध सरळ अवस्थेत पुन्हा जोडायचे. किती वेळ ठेवायचं हे केसाच्या जातीवर ठरतं. शिकवणाऱ्या बाईंनी सरळ केसांचा वेळ धरला, वर आणखी थोडा ठेवला, कारण "हिचे हट्टी आहेत". उजव्या कानामागं भाजलं. तो डाग अजून आहे. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे झुपके निघू लागले. शेवटी वडिलांनी स्वतः माझं डोकं भादरलं. चाळीस वर्षं ज्यांचा हात कधी हलला नाही, त्या माणसाचा हात त्या दिवशी थरथरत होता. लग्न ठरत होतं, ते वर्षभर पुढं गेलं. बघायला येणारे आडून विचारायचे, मुलीला काही आजार आहे का?

आणि तरीही पुढची कित्येक वर्षं मी दुसऱ्यांच्या डोक्यावर तेच करत राहिले. दुसरं काही येतच नव्हतं. कुरळ्या केसांची बाई आली की आम्ही एकच सांगायचो, "ताई, स्मूदनिंग करून घ्या, सुटसुटीत होईल." नंतर केस गुळगुळीत, सरळ करणारी केराटिन ट्रीटमेंट आली. दार बंद, एसी चालू, दोनशे तीस अंशांची पट्टी आणि त्यातून उठणारा धूर. माझी हेल्पर नाकाला ओला रुमाल बांधून काम करायची. यातल्या अनेक द्रावणांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून २००४ मध्येच पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत ३३,४९७ बायकांचा जवळपास अकरा वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. केस सरळ करण्याची रसायनं न वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज १.६४ टक्के निघाला आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. कारण सिद्ध झालं असं त्यात म्हटलेलं नाही, संबंध दिसला एवढंच म्हटलंय. पण आम्हाला ते एवढंही कुणी सांगितलं नाही. माझ्या दोन्ही हातांना आज कायमचा इसब आहे. रात्री मलम लावून सुती मोजे चढवल्याशिवाय झोप लागत नाही. या हातांचा हिशेब कुठल्या योजनेत बसतो, हे मला विभागातल्या एखाद्यानं सांगावं.

कुरळे केस म्हणजे मूठभर हौशी मुलींची फॅशन आहे, असं मला एका माणसानं तोंडावर सांगितलं. माझ्या दुकानाची वही पाहा. शंभरातल्या चाळीस-बेचाळीस बायकांचे केस लहरी किंवा कुरळे असतात. निम्म्यांना ते माहीतही नसतं. लहानपणापासून विंचरून विंचरून फुगवलेल्या केसांना त्या "झिपऱ्या" म्हणतात. त्यात सोसायटीत टँकरचं जड पाणी आणि जूनमध्ये हवेत दमटपणा आला की ते आणखी फुगतात, मग कुणीतरी थिनिंगची कात्री चालवतं. पातळ झालेली टोकं महिन्याभरात उभी राहतात आणि बाई आणखी रडकुंडीला येते. नव्या मुली मोबाइलवर बघून येतात आणि सांगतात, "माझे थ्री बी आहेत." केसांना असे आकडे देण्याची पद्धत आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकाराची, सरळ केस एक, लहरी दोन, कुरळे तीन आणि सगळ्यात घट्ट वळणाचे चार, पुढचं अक्षर त्यातला पोटप्रकार. गिऱ्हाइकाला हे माहीत असतं आणि सरकारी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या मुलीला माहीत नसतं. अशी लाज मी रोज बघते.

पुण्यात आफ्रिकेतल्या देशांतून शिकायला मुली येतात. त्यातली एक केनियाची, चार पार्लरमधून परत पाठवलेली, माझ्याकडे आली. एका ठिकाणी तिच्यासमोरच हसले होते. मीही चुकले. सवयीनं बारीक कंगवा घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आणलं. मग तिनंच आरशासमोर बसून मला भाग कसे पाडायचे, वेणी मुळाशी किती सैल ठेवायची ते दाखवलं. जे शिकवणं संस्थेचं काम होतं, ते पैसे देऊन आलेल्या गिऱ्हाइकानं केलं.

आणि जटेचं काय? आपल्याकडे केसांचा न सुटलेला गुंता देवीचा कौल मानून मुली यल्लमाच्या नावानं सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांची समजूत घालतात, जट कापतात. कापल्यानंतर पुढं काय, हे काम आमचं आहे. अशी एक बाई माझ्याकडे आली होती. नवे केस चार बोटं वाढलेले, कुरळे, आणि ती हात लावायला घाबरत होती. पुन्हा गुंता झाला तर देवी परत आली असं घरचे म्हणतील, ही भीती. मी तिला तासभर फक्त कंगवा धरायला शिकवलं. निघताना तिनं तो कंगवा विकत मागितला. मी तसाच दिला. हे ज्ञान प्रत्येक तालुक्याच्या पार्लरमध्ये असायला नको का?

बाहेरच्या जगात हे झालंय. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये केशकर्तनाच्या राष्ट्रीय मानकांत आफ्रिकी वळणाच्या आणि कुरळ्या केसांचं काम सगळ्यांना घातलं. अमेरिकेत लुइझियाना राज्यानं त्याच वर्षी परीक्षेत असे केस आणायचं ठरवलं, न्यूयॉर्कनं २०२३ मध्ये शिक्षणातच सक्ती करणारा कायदा केला. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी वर्षानुवर्षं भांडून ते मिळवलं. आम्ही नुसतं मागतोय, तर आमची पानं आवक-जावकला पडून राहतात.

खरं दुखणं तुमच्या मोजमापात आहे, साहेब. कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, आमच्या हातच्या कामाला आता मान येणार. आला तो फ्लेक्स. केंद्राला पैसे मिळतात ते बोट टेकवून लागलेल्या हजेरीवर आणि पास झालेल्या डोक्यांवर. मुलीला खरंच कात्री चालवता येते का, हे सहा महिन्यांनी तिच्या दुकानात जाऊन पाहणारा कुणी मला आजवर भेटलेला नाही. असेसरनं स्वतः शेवटची कात्री कधी धरली, हे कोण विचारतं? आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचं पूर्ण वर्ष आहे, तिथल्या मुली निदान तास तरी भरतात. बाकी ठिकाणी काही आठवड्यांत स्टायलिस्ट तयार होते आणि पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी कानामागं माझ्यासारखा डाग उमटतो. हात आमचा, डोकं गिऱ्हाइकाचं आणि आकडा तुमचा.

वडील मला एक गोष्ट फार अभिमानानं सांगायचे. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. पोटावर पाय येणार हे दिसत असताना गरीब माणसांनी नाही म्हटलं. परवा त्या मुलीनं असेसरला "असं कापलं तर वर चढेल" म्हटलं, तेव्हा मला तेच आठवलं. तिला धंदा कळतो, म्हणून ती बोलली. आणि त्याबद्दल तिला शून्य मिळालं.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रशिक्षणात सरळ डमीच्या शेजारी एक कुरळं डोकं ठेवा. रसायनाच्या आधी कात्री आणि कंगवा शिकवा, आणि रसायन शिकवायचंच तर खिडकी उघडी ठेवायला, हातमोजे घालायला शिकवा. परीक्षेत दोन मॉडेल सक्तीची करा, त्यातली एक कुरळ्या केसांची. जे परीक्षा घेतात त्यांनी आधी ती स्वतः द्यावी. शिकवायला माणूस मिळत नसेल तर मी सोमवारी येईन, दुकान बंद असतं, मानधन नको.

आणि एक तातडीचं. मुलीची फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. फीचे पैसे भरलेत. केंद्रातून तिला आताच सांगितलंय की या वेळी "व्यवस्थित केसांची" मॉडेल आण. धाकटी बहीण पुन्हा बसायला तयार आहे. उजवी बाजू मी जमेल तेवढी बरोबरीत आणून दिली आहे, उरलेली तोवर वाढेल. तिला त्या खुर्चीत बसू द्यावं, एवढं एका ओळीचं पत्र आपल्या कार्यालयातून त्या केंद्राला जावं. केंद्राचं नाव, बैठक क्रमांक आणि माझी शिक्क्याची प्रत मी वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे.

आपली,
एक केशकर्तनकार
धनकवडी, पुणे