हेड गॅस्केट किटच्या मराठी माहितीपत्रकातील चुकीच्या टॉर्कबाबत तक्रार

वाई, जि. सातारा
दिनांक : १४ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मारुती ८०० साठीच्या हेड गॅस्केट किटमधील मराठी माहितीपत्रकावर टॉर्कचे (बोल्ट आवळण्याच्या जोराचे) एकक चुकीचे छापल्याने इंजिन ब्लॉकच्या आट्यांचे झालेले नुकसान

महोदय / महोदया,

माझ्या ३ जूनच्या तक्रारीवर आलेल्या आपल्या ९ जूनच्या ईमेलला हे उत्तर आहे. त्यात आपल्या प्रतिनिधीने लिहिलंय, ‘अप्रशिक्षित व्यक्तीने घरी काम केल्यामुळे दावा स्वीकारता येत नाही.’ म्हणून आधी माझ्याबद्दल सांगतो. मी ३१ वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो. मिलच्या बेअरिंगपासून टर्बाइनच्या फ्लँजपर्यंत किती बोल्ट आवळले त्याचा हिशेब माझ्याकडेही नाही. बरं, मी अप्रशिक्षित असतो तरी फरक काय पडला असता? आपल्या खोक्यावर पाना धरलेल्या माणसाचं चित्र आहे आणि खाली ‘घरच्या घरी बसवा’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. किट अधिकृत गॅरेजमध्येच बसवावं, असं त्या खोक्यावर कुठेही नाही.

गाडी १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. १८ मे रोजी नातवाला घेऊन पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाटात अर्ध्यावर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेऊन तासभर बसलो. परत येताना सायलेन्सरमधून पांढरा धूर. घरी इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारला, तर पाण्यात बुडबुडे. ऑइलच्या झाकणाच्या आतून ताकासारखा फेस. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील, गेलं हे ओळखायला याहून जास्त काही लागत नाही. गॅरेजवाल्याने ८ हजार सांगितले. हत्यारं घरात, वेळही भरपूर. २४ मे रोजी साताऱ्यातल्या दुकानातून आपलं किट १,३४० रुपयांना घेतलं. बिल सोबत जोडलंय.

उघडण्याचं काम व्यवस्थित झालं. कूलंट काढलं, टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट उतरवला, मॅनिफोल्ड सोडले, हेडचे आठही बोल्ट बाहेरून आत असे थोडे थोडे ढिले केले. जुनं गॅस्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीत जळून काळं पडलं होतं. हेडवर पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला, तर ०.१२ मिमीचं पातं आरपार गेलं. चालतं ०.०५ पर्यंत. म्हणून हेड लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग करून, म्हणजे सपाट करून, आणलं. ब्लॉकचा माथा घासून-पुसून साफ केला, बोल्टांच्या भोकांतलं तेल-पाणी हवा मारून काढलं. भोकात तेल राहिलं तर बोल्ट तळाला टेकण्याआधीच तेल दाबलं जातं आणि ब्लॉक तडकू शकतो. आपल्या पत्रकात हे नाही, पण तो माझ्या तक्रारीचा भाग नाही.

तक्रार पुढे आहे.

१ जूनला, रविवारी सकाळी, हेड चढवलं. आपलं घडीचं पत्रक बॉनेटच्या कडेला कपड्यांच्या चिमट्याने लावलं. एक बाजू मराठी, दुसरी इंग्रजी. मराठीत छापलंय म्हणून खरं तर कौतुकच वाटलं होतं; सुट्या भागांच्या खोक्यात आपली भाषा सापडणं दुर्मीळ. बोल्टांचा क्रम चित्रात बरोबर होता, मधून बाहेर, आलटून पालटून. खाली तीन फेऱ्या दिलेल्या : २०, ४०, ६० फूट-पाउंड.

माझ्या टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘टक्’ करणाऱ्या पान्यावर, दोन मापं आहेत, एका बाजूला न्यूटन-मीटर, दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड. पत्रकाप्रमाणे फूट-पाउंडची बाजू धरली. २० ची फेरी झाली. ४० ची झाली. आठही बोल्टांना ‘टक्’ स्वच्छ आला. तिसऱ्या फेरीला पहिल्याच बोल्टाला हात थबकला. त्या जाडीच्या बोल्टाला इतकं लागत नाही, असं मनगट सांगत होतं. पण छापील आकडा समोर लटकत होता आणि आम्ही कारखान्यात शिकलो ते हेच, की कागदावर टॉर्क दिला असेल तर मनगटाचं ऐकायचं नाही. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा झाला. पाचव्याला पाना पाव फेरा गेला, मग आणखी थोडा, आणि ‘टक्’ येईना. उलट हाताला मऊ लागायला लागलं. ज्याने कधी बोल्ट आवळलाय त्याला त्या मऊपणाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मी तिथेच थांबलो. सगळे बोल्ट परत सोडले. पाचवा बाहेर आला तो ब्लॉकचे आटे अंगाला गुंडाळूनच. स्प्रिंगसारखी बारीक चकचकीत वेटोळी. त्यांचा फोटो मी ३ जूनच्या तक्रारीसोबत पाठवला होता. आपल्याकडे कोणी तो उघडून पाहिला असेल, असं उत्तरावरून वाटत नाही.

चूक सापडली ती माझ्या नातवाला, अकरावीतल्या पोराला. पत्रक उलटून तो म्हणाला, ‘‘आजोबा, मागे एनएम लिहिलंय.’’ इंग्रजी बाजूला तेच आकडे होते, २०, ४०, ६०, पण न्यूटन-मीटरमध्ये. मराठी बाजू करणाऱ्याने आकडे तसेच ठेवले आणि एकक बदललं. एक फूट-पाउंड म्हणजे साधारण १.३६ न्यूटन-मीटर. म्हणजे ६० फूट-पाउंड झाले ८१ न्यूटन-मीटर. या इंजिनाच्या हेड बोल्टांना सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ५५ ते ६० न्यूटन-मीटर दिलंय, म्हणजे फार तर ४३-४४ फूट-पाउंड. मी दुसऱ्या फेरीत ४० फूट-पाउंडला आठही बोल्ट आवळले, तेव्हाच काम जवळजवळ पुरं झालं होतं. तिसरी फेरी आपल्या कागदाने करवली.

मॅन्युअलची ती झेरॉक्स माझ्याकडे आधी नव्हती; नंतर एका जुन्या मेकॅनिककडून आणली. आधी आणायला हवी होती हे मान्य. पण किटसोबत कंपनीनेच टॉर्क छापून दिला असेल, तर गिऱ्हाइकाने तो दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावा, अशी अपेक्षा असेल तर तसं पत्रकावर लिहा.

५ जूनला फोनवर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, ‘‘सर, दोन्ही भाषांत फरक असेल तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरायचा असतो.’’ बोलणं नम्र होतं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हे वाक्य पत्रकावर, खोक्यावर, बिलावर कुठेही नाही. आणि असतं तरी विचारतो : मराठी बाजू मग कुणासाठी छापलीय? ज्याला इंग्रजी वाचता येतं तो ती बाजू वाचेलच. ज्याला येत नाही, तो मराठी बाजूच खरी मानून पाना फिरवणार.

आता पैशाचं. पहिल्या किटचे १,३४० रुपये मी मागत नाही; हेड गॅस्केट गेलं होतं, ते मला घ्यावंच लागलं असतं. पण एकदा दाबलेलं गॅस्केट परत वापरता येत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचं किट १,२९० रुपयांना आणलं. आठही बोल्ट ताणले गेले असणार, म्हणून नवा संच ५६०. लेथवाला घरी येऊन ब्लॉकला हेलीकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारं तारेचं वेटोळं) घालून गेला, त्याचे १,५००. ड्रिलचा चुरा धुवायला १ लिटर ऑइल, ३५०. एकूण ३,७०० रुपये. चारही बिलांच्या प्रती जोडल्यात. माझ्या चार दिवसांच्या मेहनतीचे पैसे यात धरलेले नाहीत.

गाडी आता चालते. या वेळचा टॉर्क मी मॅन्युअलमधून घेतला आणि मराठी पत्रक फाइलला लावलंय, पुरावा म्हणून.

पैशाइतकीच दुसरी मागणी. हेच पत्रक घातलेली खोकी दुकानांत अजून विकली जाताहेत. १० जूनला साताऱ्याच्या त्याच दुकानात मी दोन उघडून पाहिली, दोन्हींत तोच मजकूर. ती पत्रकं काढून घ्या, किंवा निदान दुरुस्तीची चिठ्ठी दुकानदारांकडे पाठवा. माझा पाचवा बोल्ट बोटाला वेळेवर कळला. आटे गेले आहेत हे न कळता कोणी हेड चढवून गाडी घाटात नेली, तर त्याच्या रेडिएटरमध्ये परत बुडबुडे येतील आणि तो स्वतःलाच दोष देत बसेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनासोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसल्या आणि त्यामुळे ग्राहकाच्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर उत्पादकाची जबाबदारी सांगितलीय. इथे गॅस्केट आपलं आणि खराब झालेला ब्लॉक माझा. तक्रार मला माझ्या जिल्ह्यातच दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तिथे जायची हौस नाही. पण हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

उत्तर मराठीत पाठवलंत तरी चालेल. फक्त आकड्यापुढचं एकक पाठवण्याआधी कोणाला तरी तपासायला सांगा.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व फोन क्रमांक बिलाच्या प्रतीवर आहेत.)

सोबत : किटचे बिल, इतर चार बिले, पत्रकाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पाचव्या बोल्टाचे दोन फोटो.