शिक्षक भरतीला वेळापत्रक हवे

महोदय,
कारखान्यातली अकरा वर्षांची नोकरी सोडून मी बी.एड. केले. आता तासिका तत्त्वावर नववीला गणित शिकवतो. गेल्या आठवड्यात गणिताला घाबरणारी एक मुलगी आपणहून फळ्यापाशी आली, समीकरण सोडवले आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिली. यासाठीच तर मी इकडे आलो!

पण मे महिन्यात तासिका नाहीत, म्हणून मानधनही नाही. कायम नोकरीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. ‘पवित्र’ या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलवरची निवड त्यानंतर. तिशी ओलांडून या पेशात आलेल्यांचे वय वाट पाहण्यातच सरते. चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यावी आणि तासिकांवरचा अनुभवही निवडीत धरावा, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक तासिका शिक्षक, सातारा