मंडळाच्या पावसाची नोंद पीककर्जाच्या टेबलावर आणा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातील एका विकास सोसायटीचा (गावातील पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा) गटसचिव म्हणून मी अनेक वर्षे शेतकऱ्यांची कमाल मर्यादा पत्रके, म्हणजे कोणाला किती पीककर्ज मिळू शकते याचे तक्ते, तयार केली. त्या अनुभवाच्या आधारे आपल्याकडे एक मागणी करीत आहे. महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या महसुली गटानुसार, गोळा होणारी हवामानाची माहिती आज नुकसान झाल्यावर मदत वाटण्यापुरती वापरली जाते. पीककर्ज किती द्यायचे, कोणत्या मुदतीने द्यायचे आणि हंगाम बुडाल्यास त्याचे पुनर्गठन (परतफेडीची मुदत वाढवून नव्याने मांडणी) केव्हा करायचे, हे ठरवतानाही ती वापरली जावी आणि ती प्रत्येक शेतकऱ्याला पाहता यावी.

'महावेध' प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग तेथे दिवसरात्र नोंदला जातो. या नोंदींवर आजही कोट्यवधी रुपयांचे निर्णय होतात. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, पंचनामे सुरू होतात आणि ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर मदत मिळते. फळपीक विम्याची भरपाईही हवामानाच्या ठरवून दिलेल्या मर्यादांवरच मिळते. २०२३ मध्ये सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केल्यानंतर आणखी हजाराहून अधिक मंडळांना सवलती दिल्या, त्या मंडळातील पावसाचे आकडे पाहूनच. म्हणजे हे आकडे पैशाच्या व्यवहाराला विश्वासार्ह आहेत, हे सरकारने स्वतःच मान्य केले आहे.

मग ते केंद्र कोठे आणि कोणत्या स्थितीत उभे आहे, हे महत्त्वाचे ठरते. राज्याचे क्षेत्रफळ या केंद्रांत वाटले तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास शिवार येते. पर्जन्यमापकापासून झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी, असा हवामानशास्त्राचा साधा नियम आहे. आमच्या मंडळातील केंद्राच्या पश्चिमेला सुबाभळीची रांग वाढली होती आणि कुंपणाची जाळी वेलींनी झाकली गेली होती. सप्टेंबरच्या एका रात्री ओढ्याला पूर आला, कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी वाहून गेल्या, पण आमच्या केंद्राची नोंद पासष्टच्या किंचित आत राहिली. ओढ्यापलीकडचे मंडळ अतिवृष्टीच्या यादीत आले, आमचे आले नाही. त्या नोंदीला आव्हान द्यायचे तर केंद्राची तपासणी शेवटची कधी झाली, मोजमापाची दुरुस्ती कोणी केली, याचा एकही कागद गावात कोणाच्या हाती नव्हता. प्रत्येक केंद्राचे अक्षांश-रेखांश, छायाचित्र, देखभालीच्या तारखा आणि केंद्र सुरू झाल्यापासूनच्या सर्व नोंदी कोणालाही उतरवून घेता येतील अशा स्वरूपात खुल्या कराव्यात. रोजचा मंडळनिहाय पाऊस संकेतस्थळावर दिसतो, हे खरे आहे. पण वाद उभा राहतो तेव्हा तेवढ्याने भागत नाही. केंद्र सरकारच्या 'विंड्स' या हवामान नोंदींच्या कार्यक्रमात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची तरतूद आहे. राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपर्यंत ते पोहोचतील तेव्हा हीच शिस्त तेथेही पहिल्या दिवसापासून असावी.

आता कर्जाविषयी. हेक्टरी पीककर्जाचे दर जिल्हास्तरीय तांत्रिक समितीच्या शिफारशीवर ठरतात आणि जिरायत-बागायत एवढा फरक सोडला तर ते जिल्हाभर सारखे असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पारनेर-पाथर्डीकडे तो पाचशे-सहाशेच्या घरात राहतो. एकाच तक्त्यात या दोन्ही टोकांची जोखीम कशी बसणार? समितीच्या बैठकीत मंडळाचा आतापर्यंतचा पाऊस, पावसातील खंडांची नोंद आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेने निरीक्षण विहिरींतून मोजलेली पाणीपातळी समोर ठेवली, तर जेथे ऑगस्टमध्ये वारंवार खंड पडतो तेथे एका संरक्षित पाण्याचा (खंडात पीक वाचवण्यासाठी दिलेल्या पाण्याच्या पाळीचा) खर्च दरात धरता येईल. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावोगावचा पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. तो ताळेबंद बँकेच्या शाखाधिकाऱ्यासमोर कधी ठेवला गेला का, याची चौकशी आपण अवश्य करावी.

सर्वांत जास्त त्रास होतो तो पुनर्गठनात. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास पीककर्जाचे मुदत कर्जात रूपांतर करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. पण ती सरकारी घोषणेवर आणि पैसेवारीवर (महसूल खात्याने काढलेल्या पीक उत्पन्नाच्या अंदाजावर) अडकून राहते. ऑगस्टमध्ये पीक वाळते, अंतिम पैसेवारी डिसेंबरमध्ये येते, त्यानंतर बँकांच्या समितीची बैठक होते, आणि तोवर व्याज सवलतीसाठी परतफेडीची ३१ मार्च ही तारीख दारात येऊन उभी असते. शेतकरी मग सावकाराकडून हातउसने घेऊन कर्ज नवे-जुने करतो, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलतो. कागदावर वसुली दिसते आणि त्याच्या डोक्यावर दुप्पट देणे बसते. हे मी दरवर्षी मार्चअखेरीस टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. मंडळात पावसाचा ठरावीक दिवसांचा खंड पडला किंवा अतिवृष्टीची मर्यादा ओलांडली, की पुनर्गठनाची प्रक्रिया शेतकऱ्याच्या अर्जाशिवाय सुरू व्हावी आणि पंचनामा किंवा पीक कापणी प्रयोग तिच्या पडताळणीसाठी वापरावा. २०२५ च्या खरिपापासून पीकविम्यातील हंगामाच्या मध्यावरील भरपाईचे आधार काढून टाकले गेले आहेत, त्यामुळे हंगाम चालू असताना शेतकऱ्याला सावरणारी एवढीच जागा उरते.

यात एक धोका आहे आणि तो मी स्पष्टपणे मांडतो. मंडळनिहाय जोखमीचा नकाशा हाती आला की बँका कोरड्या मंडळांना कर्ज देताना हात आखडता घेतील. आधीच ज्यांच्याकडे पाणी कमी आहे, त्यांच्यावर 'हे मंडळ धोक्याचे' असा शिक्का बसेल. म्हणून हवामानाची माहिती कर्जाच्या अटी ठरवण्यासाठी वापरावी, पात्रता नाकारण्यासाठी नाही. मुदत वाढवावी, हप्त्याची तारीख बदलावी, विम्याचा भार उचलावा. पण केवळ मंडळाच्या आकड्यावरून कोणाचेही कर्जमागणी पत्रक परत जाऊ नये. ही अट शासन निर्णयातच लिहिलेली असावी. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये वित्तीय संस्थांसाठी हवामान जोखमीची माहिती एकत्र करणारी व्यवस्था उभारण्याचे जाहीर केले आहे. ती मोठ्या बँकांच्या मुख्यालयांत रुजण्याआधी जिल्हा बँका आणि सोसायट्यांच्या कर्जदारांचे हित त्यात कसे राखले जाईल, हे राज्याने आताच सांगितले पाहिजे.

पुढील खरिपाचे कर्जदर ठरवण्यासाठी जिल्हास्तरीय तांत्रिक समित्या बसतील, तेव्हा निदान एका दुष्काळी आणि एका अतिवृष्टीच्या जिल्ह्यात मंडळनिहाय नोंदी व भूजल पातळी समितीपुढे ठेवण्याचे आदेश कृषी आयुक्तांमार्फत द्यावेत. स्वयंचलित पुनर्गठनाचा प्रस्ताव आपण सहकार आणि महसूल खात्यांसोबत बसून राज्यस्तरीय बँकर्स समितीकडे पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गटसचिव