नाकाबंदी कोणी केली, यापेक्षा ती कोणाची वाटली

महोदय,

नेपाळशी काही बिनसले की ‘आपण एवढे केले आणि हे निघाले चीनकडे’ असा सूर आपल्याकडे हमखास लागतो. आपण काय केले हे आपल्याला पाठ असते. त्यांना ते कसे दिसले, हे मात्र आपण विचारत नाही, आणि त्यांचे परराष्ट्र धोरण तर त्यावरच ठरते.

एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथे सुमारे नऊ हजार माणसे गेली. मदत घेऊन सर्वांत आधी धावलेल्यांत भारत होता. पाचच महिन्यांनी नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली, तिच्याविरोधात भारताला लागून असलेल्या तराई या सखल पट्ट्यात तिथल्या मधेशींचे आंदोलन पेटले आणि सीमेवर बिहारमधल्या रक्सौलला नेपाळकडे निघालेल्या मालमोटारींच्या रांगा लागल्या. आंदोलनामुळे वाहतूक अडली, असे दिल्ली सांगत राहिली. काठमांडूत यावर जवळजवळ कोणाचाच विश्वास बसला नाही; ही भारतानेच केलेली नाकाबंदी वाटली. कारण १९८९ मध्ये व्यापाराचे आणि पारगमनाचे (दुसऱ्या देशातून माल नेण्या-आणण्याचे) करार संपले, तेव्हा भारताने सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली होती आणि लोक ते विसरले नव्हते. आमच्या सोसायटीचे रखवालदार नेपाळचे. त्या दिवाळीत ते म्हणाले, ‘‘साहेब, गावी गॅस नाही, आई परत चुलीवर आली.’’ दोष कोणाचा, हे त्यांना विचारायचे धाडस मला झाले नाही.

मार्च २०१६ मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली यांनी चीनशी पारगमन करार केला. हिमालय ओलांडून येणारा माल महाग पडणार, हे त्यांनाही कळत होते. पण भारताच्या धाकाखाली राहायचे नाही, हे मतदारांना दाखवणे त्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या डाव्या आघाडीने निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकली. २०२० मध्ये आपण, नेपाळही जिच्यावर हक्क सांगतो त्या लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केले. आपल्या लेखी ती कैलास-मानसरोवर यात्रेची सोय होती, त्यांच्या लेखी अतिक्रमण. पुढच्याच महिन्यात त्यांच्या संसदेने तो भाग नेपाळचा दाखवणाऱ्या नव्या नकाशाला मंजुरी दिली, आणि विरोधात एकही मत पडले नाही.

त्याआधीच, २०१८ मध्ये, दोन्ही देशांच्या मान्यवरांच्या गटाने १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारासह उभयतांच्या संबंधांचा विचार करून एकमताने अहवाल तयार केला होता. भारतीय बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. वर्षे उलटली, तरी तो अहवाल दिल्लीने हातातही घेतला नाही. नेपाळमध्ये याचा अर्थ कसा लावला गेला असेल, हे सांगायला नको. सरकारने तो स्वीकारून संसदेपुढे ठेवावा. त्यातले जे पटत नसेल, ते तिथे उघडपणे खोडून काढावे.

– एक वाचक, सांगली