गेममधला खलनायक आणि खोटा खरेपणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेमविषयी आलेला लेख वाचला. गेममधले खलनायक दिवसेंदिवस अधिक क्रूर होत चालले आहेत आणि मुले वास्तवाकडे पाठ फिरवून त्या जगात रमतात, असा त्याचा एकंदर सूर होता. लेखामागची कळकळ खरी आहे. निदान मात्र मला पटले नाही. घटकाभर दुसऱ्या जगात जाण्यात मला काही गैर दिसत नाही. मला काळजी वाटते ती डोळ्यांना हुबेहूब खरे वाटणारे, पण दोषी कोण हे स्वतःच्या सोयीने ठरवणारे जग उभे करणाऱ्या गेमची, आणि त्यांच्याविषयी त्या लेखात अवाक्षर नव्हते.

पलायनवादाचा आरोप मुंबईकराने तरी जपून करावा. गिरणगावातला कामगार पाळी संपवून परळच्या दामोदर हॉलमध्ये नाटकाला जाऊन बसायचा, तेव्हा त्याला कोणी पळपुटा म्हटले नाही. आज विरार लोकलमध्ये धक्के खात घरी पोहोचणारा तरुण रात्री तासभर एखादे काल्पनिक राज्य वाचवत बसला, तर त्याच्यावर वेगळा नियम का लावावा? १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये बाउझर नावाचा आग ओकणारा, कासवासारखा राजा राजकन्येला पळवून नेतो. त्याला ना पूर्वायुष्य आहे ना गाऱ्हाणे, आणि त्यांची कोणाला उणीवही भासत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी'तही भावाला सोडवायला निघालेल्या मुलीसमोर महाबलासुर उभा आहे आणि तो असुर आहे, एवढे पुरेसे होते. पुराणकथा ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला ही रीत नवी नाही. असे गेम आपण कल्पित आहोत हे पहिल्या क्षणापासून सांगतात, त्यामुळे त्यांच्याकडून फसवणूक होत नाही.

माणसाच्या रूपातला खलनायक ही अधिक अवघड गोष्ट, आणि मराठी प्रेक्षकाला तिची उत्तम ओळख आहे. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे बायकांना फसवतो हे ठाऊक असूनही प्रभाकर पणशीकरांच्या बोलण्याला प्रेक्षक भुलत असे, आणि आपण भुललो हे घरी जाताना त्याला बोचतही असे. मात्र नाटकात आपण खुर्चीत बसून पाहणारे असतो. गेममध्ये बटणावर बोट आपले असते, आणि चांगला लेखक तेथेच आपल्याला धरतो.

लुकस पोप यांच्या २०१३ मधील 'पेपर्स, प्लीज' या गेममध्ये आपण एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असतो. एक माणूस कागदपत्रे दाखवून आत जातो आणि जाता जाता मागून येणाऱ्या बायकोला सांभाळून घेण्याची विनंती करतो. बायकोकडे प्रवेशपरवाना नसतो. नियम पाळला तर ती सीमेपलीकडे राहते. तिला सोडले तर ताकीद मिळते आणि चुका वाढल्या की दंड. पगार किती माणसे तपासली त्यावर, आणि त्यातूनच संध्याकाळी घरभाडे, जेवण, थंडीतली ऊब आणि आजारी माणसाचे औषध भागवायचे. तेथे चित्रे ओबडधोबड आहेत, माणसांचे आवाज म्हणजे नुसती खरखर, तरी अनेक चकचकीत गेमपेक्षा हा मला अधिक वास्तववादी वाटतो.

पोलंडमध्ये तयार झालेल्या 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) या गेमला बोस्नियातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्याची प्रेरणा आहे. त्यात सैनिक नव्हे, वेढ्यात अडकलेली साधी माणसे जगवायची असतात. माझी कॉलेजात जाणारी भाची तो खेळत असताना मी शेजारी बसलो होतो. तिच्या गटातला एक जण आजारी होता, म्हणून ती रात्री एका वृद्ध जोडप्याच्या घरात शिरली. म्हातारा तिच्या मागेमागे फिरत, बायकोचे औषध नेऊ नका म्हणून विनवत होता. तिने औषध उचलले. दुसऱ्या दिवशी तिच्याच गटातली माणसे खचून बसलेली दिसली. मी काहीच बोललो नव्हतो, तरी ती मला म्हणाली, "मामा, नसतं घेतलं तर आमच्यातला एक मेला असता." तिचे म्हणणे चूक नव्हते, पण न विचारता तिला ते सांगावेसे वाटले, याला मी वास्तववाद म्हणतो. हा गेम शाळांसाठीच्या शिफारस-यादीत घेण्याची घोषणा पोलंड सरकारने २०२० मध्ये केली, त्याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

त्याच वर्षी आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये पहिल्या भागातल्या नायकाला ठार मारणाऱ्या ॲबीच्याच भूमिकेत खेळणाऱ्याला अर्धा खेळ काढावा लागतो. अनेकांना ते इतके असह्य झाले, की ॲबीचे काम करणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. धमक्या देणाऱ्यांचे समर्थन होऊच शकत नाही. पण शत्रूच्या जागी उभे राहण्याची सवय किती जणांना नाही, हे त्यातून उघड झाले.

आता सुरुवातीला म्हटलेल्या, हुबेहूब खरे दिसणाऱ्या पण दोष सोयीने ठरवणाऱ्या गेमकडे वळतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतहून बसऱ्याकडे माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांच्या विमानांनी बॉम्बफेक केली. जळालेल्या वाहनांच्या त्या रांगांची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि त्या रस्त्याला 'हायवे ऑफ डेथ' हे नाव पडले. 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर' या २०१९ मधील गेममध्ये याच नावाची मोहीम आहे, जळकी वाहने तशीच आहेत, मात्र देश उर्झिकस्तान नावाचा काल्पनिक आहे आणि बॉम्बफेक रशियन सैन्याने केल्याचे सांगितले जाते. बंदुकीवरचा ओरखडा खरा दिसावा म्हणून केलेली मेहनत आणि हत्याकांडाचा दोष एका देशाकडून दुसऱ्यावर टाकणे, या दोन्ही गोष्टी एकाच गेममध्ये सुखाने नांदतात. आखाताचे ते युद्ध मुंबईला परके नाही. १९९० साली कुवेतमध्ये अडकलेल्या लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी याच शहरात आणले गेले होते. आज पंधरा वर्षांचा असलेला मुलगा ते युद्ध प्रथम पाहतो ते बहुधा गेममध्येच, आणि चित्र इतके खरे असताना त्यातले आरोप तरी त्याने का तपासावेत? बाउझरवर विश्वास ठेवून कोणी इतिहास चुकीचा शिकला नाही.

आपल्याकडे गेमची चर्चा होते ती व्यसन आणि पैशाच्या अंगाने. संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ते आवश्यकच होते. पण गेममध्ये गोष्ट कोणाची सांगितली आहे, खलनायक कोणाला ठरवले आहे आणि का, हे विचारणारे लेखन मराठी वृत्तपत्रांत मला क्वचितच दिसते. पुरवणीत नाटक-चित्रपटांच्या परीक्षणाशेजारी महिन्यातून एकदा तरी एका गेमच्या कथेचे परीक्षण यावे, आणि ते स्वतः गेम खेळून संपवलेल्या व्यक्तीने लिहावे, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
परळ, मुंबई