उन्हाळ्यातील सात क्रेडिट : माझ्या सल्लागार मॅडमना खुले आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या आपल्या विद्यापीठात सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारत असत. मला मात्र चार वर्षांत ते एकदाही जमले नाही. सांगलीत वाढलेल्या मुलीच्या तोंडून आईच्या वयाच्या बाईंचे नुसते नाव निघणे अवघडच होते, तेव्हा या पत्रातही 'मॅडम' हेच संबोधन राहू द्यावे. तुमचे नाव मी मुद्दामच लिहिलेले नाही, कारण आभाराच्या फलकावर आपले नाव आलेले तुम्हाला आवडत नसे. पत्र मराठीत आहे. तुम्हाला ते मी फोनवर अर्थासह वाचून दाखवणारच आहे. पण मराठीत लिहिण्याचे कारण असे की, माझ्या आईवडिलांना आणि आता माझ्याकडे आपापल्या मुलींना घेऊन येणाऱ्या पालकांना खेळाडूंच्या शैक्षणिक सल्लागार म्हणून तुमचे काम नेमके काय असते, हे मला आजवर नीट समजावून सांगता आलेले नाही. 'तिकडे कोच असतात हे कळले, पण या बाई कोण?' असे बाबा विचारत, आणि 'त्या अभ्यासाचे बघतात' एवढे सांगून मी विषय संपवीत असे.

ऑगस्ट २०१६ मध्ये मी टेनिसच्या शिष्यवृत्तीवर तुमच्या विद्यापीठात आले, तेव्हा आमच्या घरी एकच समज होता : शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे चार वर्षांची काळजी मिटली. सोमदेव देववर्मन यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेचे, एकेरीचे विजेतेपद मिळवले, हे आमच्या क्लबातल्या पोराटोरांनाही पाठ होते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळलेल्या ऋतुजा भोसले तर आमच्या महाराष्ट्राच्याच. हे खेळाडू वर्गात केव्हा बसत असतील, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणाला कधी पडला नव्हता.

तुमच्याशी झालेली पहिली भेट मला अजून लख्ख आठवते. तुम्ही वर्षाचे एक मोठे कॅलेंडर टेबलावर पसरले, त्यातील दोन सेमिस्टर हिरव्या पेनाने रंगवले, जानेवारी ते मे या स्पर्धांच्या महिन्यांवर लाल रेघा मारल्या, आणि मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचे चौकोन कोरेच ठेवले. "तुझी शिष्यवृत्ती या हिरव्या भागाची आहे. कोऱ्या भागाचे आपल्याला वेगळे बघावे लागेल," असे तुम्ही म्हणालात. सुट्टीत कसले बघायचे, असे वाटून मी नुसती मान डोलावली होती.

त्यानंतर हळूहळू एनसीएएच्या नियमांचा हिशेब कळू लागला. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमाचे वजन मोजण्याचे एकक. दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घेणे, दुसरे वर्ष सुरू होण्याआधी २४ क्रेडिट पूर्ण करणे, तिसरे वर्ष सुरू होताना पदवीच्या आवश्यकतांपैकी ४० टक्के, चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला ६० टक्के आणि पाचवे सुरू होताना ८० टक्के भाग पूर्ण झालेला असणे. यांतील काहीही चुकले, तर कोर्टवर पाय ठेवता येत नाही. दुसरीकडे नियमाने हंगामात आठवड्याला २० तासच सराव घेता येतो. परंतु सामन्याचा अख्खा दिवस त्यात तीनच तासांचा धरला जातो आणि प्रवास तर मुळीच मोजला जात नाही. गुरुवारी दुपारी बसमध्ये बसून रविवारी मध्यरात्री परतलेल्या मुलीचे कागदावरचे तास मग अगदी नियमात बसतात. ज्या कोणी हे मोजमाप ठरवले, त्यांनी बसच्या मागच्या बाकावर मोबाइलच्या उजेडात रसायनशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नसावे.

या सगळ्यात तुम्ही माझ्यासाठी काय केले, याची सुरुवात एका अप्रिय प्रसंगाने करते. पहिल्या सेमिस्टरमध्ये इतिहासाच्या वर्गासाठी पाच पानांचा निबंध लिहायचा होता. मी आयुष्यात स्वतःचे मत मांडणारा निबंध लिहिला नव्हता. गाइडमधील उत्तर घोटून, मुद्देसूद उतरवून गुण मिळवण्याची आपली रीत. मी इंटरनेटवरून चार ठिकाणचे परिच्छेद घेतले, त्यांतले शब्द इकडचे तिकडे केले, आणि 'काम झाले' म्हणून तुम्हाला दाखवले. तुम्ही दुसऱ्या परिच्छेदावर थांबलात आणि अगदी शांतपणे विचारलेत, "हे वाक्य कोणाचे आहे?" मला प्रश्नच कळला नाही. पुढचा दीड तास तुम्ही मला उद्धृत करणे, सारांश देणे आणि चोरणे यांतला फरक सांगितलात. हाच कागद प्राध्यापकांच्या हाती गेला असता, तर माझे अमेरिकेतले शिक्षण बहुधा ऑक्टोबरमध्येच आटोपले असते.

त्याच वेळी, दोन दिवस हातात असताना, एक ओळसुद्धा मला लिहून द्यायला तुम्ही ठाम नकार दिलात. तुमच्या केंद्रातल्या ट्यूटरनाही विद्यार्थ्याच्या संगणकाला हात लावायची परवानगी नव्हती. तेव्हा मला तो कोरडेपणा वाटला होता. नंतर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या नावापुरत्या वर्गांचे प्रकरण वाचनात आले : १८ वर्षांत ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते, असे २०१४ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. ते वाचल्यावर तुमचा नकार आठवला. तो निबंध मी रात्रभर जागून स्वतः लिहिला, त्याला 'सी' मिळाला, आणि त्या 'सी'चा मला आजही अभिमान आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे २०१८ च्या मार्चमध्ये, मी मुख्य विषय बदलायचे ठरवले. पहिल्या वर्षी संघातल्या बहुतेक मुलींचा होता म्हणून मी क्रीडा-व्यवस्थापन घेतले होते. तास सकाळी असत आणि सरावाच्या आड काहीच येत नसे. मला आहारशास्त्र शिकायचे होते. त्याच्या प्रयोगशाळा दुपारी एक ते पाच आणि आमचा सराव दोन ते पाच, हा पेच तर होताच. शिवाय माझ्या ५६ क्रेडिटपैकी नव्या पदवीला ४३ च लागू पडत होते. १२० क्रेडिटच्या पदवीचे ४० टक्के म्हणजे ४८. ऑगस्टपर्यंत पाच क्रेडिट भरून निघाले नाहीत, तर तिसऱ्या वर्षी मी खेळायला अपात्र ठरणार होते.

एक गोष्ट इथे स्पष्टच लिहायला हवी. अमेरिकेतील विद्यापीठे खेळाडूंना अभ्यासाचे साहाय्य देतात, ते केवळ उदार मनाने नव्हे. डिव्हिजन एक या कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या संस्थांना शैक्षणिक सल्ला आणि शिकवणीची सोय करावीच लागते, आणि संघातले खेळाडू अपात्र ठरले किंवा सोडून गेले, तर संघाचा शैक्षणिक प्रगतीचा आकडा घसरतो. तो हजारपैकी ९३० च्या खाली गेल्यास हंगामानंतरच्या स्पर्धांना मुकावे लागते. त्यामुळे खेळाडू पात्र राहावा यातच सर्वांचे हित असते, आणि त्यासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याला सोप्या विषयात बसवून ठेवणे. त्या महिन्यात मला तसा सल्ला देणारे भेटलेही. 'पदवी ही पदवीच असते, आहारशास्त्र मग कधीतरी कर,' असे एकाने समजावले; हेतू वाईट नव्हता. तुम्हालाही तसे म्हणता आले असते, आणि तुमच्या कामात कोणी उणे काढले नसते.

तुम्ही ते पहिल्या दिवशीचे कॅलेंडर कपाटातून काढलेत. कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवून म्हणालात, "प्रयोगशाळा उन्हाळ्यात सकाळी असते आणि तेव्हा सराव नसतो." कार्बनी रसायनशास्त्र प्रयोगशाळेसह चार क्रेडिट, संख्याशास्त्र तीन, ४३ अधिक सात, पन्नास. गणित सरळ होते, पण त्याची किंमत सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचार लाखांहून अधिक रुपये होती. बाबांना एवढी रक्कम सांगायचे माझे धाडस झाले नाही. क्रीडा विभागाकडे उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, हे तुम्ही सांगितलेत, तरी मी तो आठवडाभर भरलाच नाही. आमच्या घरात मागण्याची सवय नाही. पूर्ण शिष्यवृत्ती घेतल्यावर पुन्हा हात पसरायचा, ही कल्पनाच मला सोसवेना. तुम्ही मला बोलावून विचारलेत, "सामन्यात दोन गेमच्या मधल्या वेळेत पाणी मागताना तुला लाज वाटते का?" मी अर्ज भरला. 'हा अभ्यासक्रम पदवीसाठी का आवश्यक आहे' या रकान्यात मी दोन ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही तो कागद तीनदा परत केलात आणि चौथ्या वेळी त्यात एक पान झाले होते. मंजुरीचे पत्र एप्रिलच्या अखेरीस आले. शिक्षणशुल्क आणि पुस्तके शिष्यवृत्तीतून, खोलीचे भाडे माझे मला.

तो जून-जुलै मी विसरू शकत नाही. मैत्रिणी आपापल्या गावी गेलेल्या, कॅम्पस निवांत, दुपारी झाडांवर किड्यांची किरकिर आणि संध्याकाळी अचानक कोसळणारे वादळी पाऊस. सकाळी आठ ते बारा प्रयोगशाळा, दुपारी संख्याशास्त्र, त्यानंतर ग्रंथालयाच्या काउंटरवर काम, कारण एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर कॅम्पसबाहेर सहसा नोकरी करता येत नाही, पण सुट्टीत कॅम्पसवर २० तासांपेक्षा अधिक काम चालते. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच दमलेली नसताना अभ्यास करत होते. ऊर्ध्वपातनाच्या नळीतून पहिला थेंब पडताना पाहणे ही साधी गोष्ट; पण हंगामात असते, तर तो थेंब पडण्याआधीच मला बस पकडण्यासाठी निघावे लागले असते. तुमची स्वतःची सुट्टी असूनही तुम्ही दर बुधवारी अर्धा तास यायचात, प्रयोगवही चाळायचात, आणि रसायनशास्त्रातले आपल्याला काही कळत नाही असे हसून कबूल करायचात. त्या उन्हाळ्यात मला घरी जाता आले नाही. आईने कुरडया आणि लोणचे पाठवले होते; त्यातले लोणचे कस्टममध्ये अडकले आणि कुरडया चुरा होऊन पोहोचल्या. रसायनशास्त्रात मला 'ए मायनस' मिळाला.

पुढची दोन वर्षे तुलनेने सुरळीत गेली, त्यांबद्दल फार लिहीत नाही. १२ मार्च २०२० रोजी करोनामुळे एनसीएएने वसंत हंगामाच्या सर्व अजिंक्यपद स्पर्धा रद्द केल्या आणि माझे कॉलेज टेनिस एका ईमेलने संपले. मार्चअखेर आम्हाला आणखी एक हंगाम खेळण्याची मुभा मिळाली, तेव्हा कोचनी मला राहण्याविषयी विचारले. मी नाही म्हणू शकले, कारण मेमध्ये माझे १२० क्रेडिट पूर्ण होत होते आणि पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश हातात होता. उन्हाळ्यातली ती सात क्रेडिट नसती, तर हा निर्णय माझा राहिलाच नसता. भारतात येणारी विमाने बंद झाली, वसतिगृह ओस पडले, आणि तुम्ही दाराबाहेर किराणा ठेवून जायला लागलात. तुरीची डाळ समजून तुम्ही चण्याची डाळ आणली होती, हे तेव्हा सांगितले नव्हते, आज सांगते. तिची आमटी मी तीन आठवडे खाल्ली.

आता मी पुण्यात खेळाडूंच्या आहाराचे काम करते. परदेशी विद्यापीठाचे पत्र घेऊन पालक येतात, तेव्हा ते रक्कम दाखवतात आणि मी त्यांना कॅलेंडर मागते. मिरजेची एक मुलगी येत्या ऑगस्टमध्ये निघणार आहे. तिचा मुख्य विषय जीवशास्त्र, म्हणजे प्रयोगशाळा दुपारीच असणार. मे ते ऑगस्टच्या खर्चाचे काय, उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा करायचा आणि तो कोण मंजूर करते, हे तिने मागच्या आठवड्यात कोचना लेखी विचारले. आधी ती कचरत होती. मी तिला तुमचा पाण्याचा प्रश्न विचारला. उत्तर काल आले आहे. त्यातली दोन वाक्ये मला नीट उलगडलेली नाहीत, म्हणून ते तुम्हाला पाठवत आहे. रविवारी तुमच्या सकाळी फोन करते. इकडे संध्याकाळ झालेली असेल, आणि आईबाबाही शेजारी बसलेले असतील. बाबांना तुमच्याशी बोलायचे आहे. इंग्रजीत काय बोलायचे, हे त्यांनी आत्तापासूनच कागदावर लिहून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
सांगलीची, सध्या मुक्काम पुणे